राह्यला, मुक्काम समुद्रपूर

आमच्या बंदरावर एक दगड आहे आणि तो मी धुते. एवढंच माझं समाजकार्य. सहा वर्षांपूर्वी आमच्याकडची एक मच्छीमार बोट वादळात गेली, तिच्यावर सात जण होते, त्या सात जणांची नावं या दगडावर आहेत. सगळ्यात वर तांडेलाचं, म्हणजे बोट चालवणाऱ्याचं नाव. तो माझा नवरा. जिवंत होता तेव्हा कधी त्याची पाठ चोळून दिली नाही आणि आता दर शनिवारी ब्रश घेऊन घासत बसते. कावळे आणि समुद्रावरचे कुरव पक्षी नेमके त्याच्याच नावावर घाण करतात. त्यांना तांडेल कळतो बहुतेक.

स्मारक समिती म्हणून तीन पुरुष आहेत. ते वर्षातून एकदा येतात, हार घालतात, फोटो काढतात आणि हाराचा दोरा तिथेच टाकून जातात. बाकी वर्षभर मी. खारं वारं अक्षरं खातं, म्हणून दर पावसाळ्यानंतर रंग भरायचा. दगड समुद्राच्या पाण्यानं धुवायचा नाही, विहिरीचं गोड पाणी कळशीनं वाहून न्यायचं. मला बंदरात शालूवहिनी म्हणतात, समितीतले माझ्यामागे काय म्हणतात ते मला ठाऊक आहे.

तर यंदा एका दात्यानं काळा ग्रॅनाइट दिला. दगडवाला शंकर म्हणाला, "वहिनी, मशीननं कोरणार. एकदा कोरलं की ब्रह्मदेवाला पुसता येणार नाही. नावं नीट तपासून द्या, गुरुवारी मशीन लावतो." समितीची बैठक बसली. सहा नावं झाली. सातव्यापाशी अध्यक्ष अडले. सातवं नाव होतं, 'राह्यला (समुद्रपूर)'.

"हे काय नाव आहे?" अध्यक्ष म्हणाले. "ना आडनाव, ना बापाचं नाव. ग्रॅनाइटवर शोभत नाही. 'एक अज्ञात खलाशी' लिहू."

माझं डोकंच सटकलं. "अज्ञात? चार वर्षं माझ्या ओट्यावर बसून चहा प्यायला तो! तुमच्या पोरीच्या लग्नात मांडव कोणी घातला होता? तेव्हा अज्ञात नव्हता?"

"मग सांगा ना वहिनी, त्याचं नाव काय?"

झालं. ते नाव मलाच माहीत नव्हतं. आणि त्याहून लाजिरवाणी गोष्ट ही, की मच्छीमार सोसायटीच्या रजिस्टरात 'राह्यला, समुद्रपूर' हे मीच माझ्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं. मी तिथे क्लार्क होते.

झालं होतं असं. एका सकाळी एक काळासावळा, उंच माणूस जेटीवर येऊन उभा राहिला. दुपारी जेवायला घरी आलो तरी उभा, चहाला बाहेर पडलो तरी उभा. माझ्या नवऱ्यानं विचारलं, "काय रे, काय करतोस इथे?" तो म्हणाला, "समुद्र पाहून राह्यलो." आमच्या लोकांना तेवढंच पुरलं. हसून हसून मेले सगळे. संध्याकाळपर्यंत त्याचं नाव राह्यला पडलं आणि आठवड्यात तो आमच्या बोटीवर कामाला लागला. हाक मारली की ओ द्यायचा, मग कोण कशाला पुढचं विचारतंय? गाव विचारलं तर समुद्रपूर म्हणाला. मला वाटलं, असेल कुठेतरी किनाऱ्यावर.

त्याची आणखी एक गंमत. सगळ्यांना 'दंडवत' म्हणायचा, आणि मासे खात नव्हता. मासेमारी बोटीवरचा खलाशी आणि मासळीला तोंड लावत नव्हता! बोट आली की खलाशाला घरी न्यायला मासळीचा वाटा मिळतो, तो वाटा हा आणून माझ्या पडवीत ठेवायचा. चार वर्षं मी त्या माणसाच्या वाट्याची पापलेटं खाल्ली. पापलेटं तळताना एकदाही विचारलं नाही, की बाबा, तुझं नाव काय. बोट गेल्यावर पोस्टात विचारलं तर समुद्रपूर वर्ध्याकडे निघालं, म्हणून मी 'राह्यला, समुद्रपूर, जिल्हा वर्धा' असा पत्ता घालून पत्र पाठवलं होतं. 'पत्ता अपुरा' असा शेरा घेऊन ते परत आलं. आता ग्रॅनाइट आल्यावर कळलं की अपुरा पत्ता नव्हता, अपुरी मी होते.

"बुधवारी संध्याकाळपर्यंत नाव आणते," मी बैठकीत सांगून टाकलं. रविवार होता. घरी येऊन पिशवी भरली, त्याच्या घरच्यांना द्यायला म्हणून चांगले सोडे घेतले, आणि निघाले.

वर्धा

गाड्यांचं पुराण सांगत नाही. बसून बसून माझं कंबरडं मोडलं आणि मंगळवारी सकाळी मी वर्ध्याला उतरले, इतकं पुरे.

स्टेशनाबाहेर चहाच्या टपरीवर उभी राहिले. थंडी अशी, की आमच्याकडे एवढ्या थंडीत माणसं शाळा बंद ठेवतील. चहावाला म्हणाला, "बसा मावशी, चहा होऊन राह्यला."

मी दचकले. "कोण राह्यला?"

"चहा."

शेजारी एक बाई फोनवर कुणाला तरी झापत होती, "तू येऊन राह्यला का मी येऊ?" रिक्षावाला विचारायला आला, "कुठं जाऊन राह्यल्या मावशी?" पलीकडे दोन म्हातारे पेपर वाचून राह्यले होते. तेव्हा कुठे माझ्या टाळक्यात उजेड पडला. आम्ही म्हणतो करतोय, हे म्हणतात करून राह्यला. ते नाव नव्हतंच. अख्खा जिल्हा राह्यला होता. आणि मी समुद्रपुरात जाऊन 'इथे राह्यला कोण?' असं विचारणार होते!

परत फिरावंसं वाटलं खरं. पण चहा झाला होता, तो प्यायले आणि एसटी पकडली.

हिंगणघाटला गाडी बदलून पुढे निघालो, तसा खिडकीबाहेर कापूसच कापूस. जमीन काळी आणि इतकी सपाट, की अशी मी फक्त ओहोटीला पाहिलेली. आमच्याकडे दहा पावलं चाललं की चढ नाहीतर उतार लागतो, इथे नजर जाईल तिथवर जमीन पसरलेली आणि मध्ये तुरीच्या हिरव्या ओळी. बायका कमरेला झोळी बांधून कापूस वेचत होत्या. शेजारच्या बाईनं न विचारता मला अर्धा पेरू दिला आणि मग माझी सगळी माहिती काढून घेतली. नवरा काय करतो, मुलं किती, गुडघे दुखतात का. नाव मात्र तिनं सगळ्यात आधी विचारलं. मला ते लागलं.

समुद्रपूर

नाव समुद्रपूर आणि स्टँडच्या नळाला पाणी नाही. मी हसले तर समोरचा पोहेवाला म्हणाला, "हसून घ्या मावशी, सारेच हसते. पोहे देऊ? सांबार टाकू का वरून?"

"पोह्यांवर सांबार?" मी म्हटलं. "इडली आहे का ती?"

त्यानं मूठभर कोथिंबीर उचलून माझ्या नाकापुढे धरली. "हा सांबार." मग पोह्यांवर हरभऱ्याची लाल तिखट तर्री ओतली. पहिला घास खाल्ला आणि डोळ्यांतून पाणी आलं, दुसरा खाल्ला आणि आणखी एक प्लेट मागितली. आमच्या पोह्यांवर ओलं खोबरं असतं, त्यांनी माणूस शांत होतो. यांच्या पोह्यांनी माणूस उठून भांडायला जातो.

पोटात आग पेटल्यावर मी कामाला लागले. "भाऊ, इथला एक माणूस कोकणात गेला होता, दहाएक वर्षांपूर्वी. उंच, काळासावळा. सगळ्यांना दंडवत म्हणायचा. मासे खात नव्हता."

"दंडवत म्हने? मंग महानुभाव पंथाचा असन. मांस-मच्छी चालत नाई त्याईले." त्यानं झारा हवेत धरून विचार केला. "कोकणात कायले गेलता?"

"समुद्र बघायला."

झारा कढईत पडला. "अवो, तो जहाज! बेबीबाईचा भाऊ जहाज!"

मग त्यानं जी कथा सांगितली ती अशी. शाळेत गुरुजींनी विचारलं होतं, समुद्रपुरात समुद्र कुठे आहे रे? सगळी पोरं गप्प. हा उठून म्हणाला, जहाज आलं का दिसते गुरुजी. त्या दिवसापासून त्याचं नाव जहाज पडलं. मोठा झाला, नांगर धरला, कापूस वेचला, पण जहाज काही सुटलं नाही. कुठेही गेला की लोक विचारायचे, "जहाजबुवा, समुद्र पाह्यला का?" एक दिवस चिडून म्हणाला, पाहूनच येतो.

"खरं नाव काय त्याचं?" मी विचारलं.

पोहेवाल्यानं डोकं खाजवलं. "खरं नाव काय माईत बाप्पा. आमी तं जहाजच म्हनतो. त्याच्या बहिणीले विचारा. अन् तो कसा आहे? येऊन राह्यला का?"

मी प्लेट खाली ठेवली आणि बहिणीचं घर कुठे ते विचारलं. मला एकाच वेळी हसू आणि रडू येत होतं. आम्ही त्याला राह्यला म्हणायचो, हे जहाज म्हणायचे, माणसाला धड नावानं हाक मारायची दोन्ही गावांत कुणाला गरज वाटली नाही.

बेबीबाईंचं घर देवळामागच्या गल्लीत, दोन खोल्यांचं. अंगणात कडुनिंब, दारात शिलाई मशीन. कापूस वेचताना बायका बांधतात त्या झोळ्या त्या शिवतात. माझ्याच वयाच्या, काडीसारख्या, पण आवाज दणदणीत. लग्न झालं होतं, सासरी पटलं नाही, सहा महिन्यांत परत आल्या आणि धाकट्या भावाला वाढवलं, हे त्यांनी मला मशीन चालवता चालवता पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. मी कोकणातून आले म्हटल्यावर मशीन थांबली.

"त्यानं पाठवलं तुमाले?"

मी भलतंच बोलले. "तुमच्यासाठी सोडे आणलेत."

"सोले? अवो बाई, आमच्या वावरात ढीगभर सोले पडले आहे, तिकडून कायले आनले?"

"तुमच्याकडे पण होतात सोडे?"

"तुरीले शेंगा धरल्या का होतेच. आज त्याचीच भाजी आहे, सोले-वांगे. दाखवा बरं तुमचे कसे आहे."

मला वाटलं, यांच्याकडे तुरीत घालून करत असतील. मी सोड्यांची पिशवी उघडली. त्या वाकल्या आणि तीन पावलं मागे गेल्या. "अवो माय! हे काय मरून पडलं?" त्यांचे सोले म्हणजे तुरीचे ओले दाणे आणि माझे सोडे म्हणजे सुकवलेली कोळंबी. महानुभावांच्या घरात मी पावशेर कोळंबी उघडून बसले होते. मी दहा वेळा माफी मागितली. बेबीबाईंनी नाकाला पदर लावला, पिशवी काठीच्या टोकावर घेतली आणि अंगणातल्या कडुनिंबाला टांगली. मग पायरीवर बसून अशा हसल्या, की शेवटी मलाही हसू आवरेना.

"तो सांगे फोनवर," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "बाई, इथं मानसं समुद्रातले किडे खाते, पन मानसं चांगली आहे."

त्यांनी दाराच्या चौकटीकडे बोट केलं. भिंतीवर पेन्सिलीनं मोबाइल नंबर लिहिलेला होता. "ह्या नंबरावरून ये त्याचा फोन. वर्षातून चार-पाच खेपा. दरवेळी म्हने, बाई, येऊन राह्यलो. सहा वर्षं झाली, नंबर लागत नाई. बदलला असन."

मी तो नंबर वाचला. शेवटच्या आकड्यापर्यंत जायची गरज नव्हती. मी तिथेच जमिनीवर बसले.

"हा माझ्या नवऱ्याचा नंबर आहे," मी म्हटलं.

"मंग लावा नं त्याईले! विचारा, कुठी आहे माहा भाऊ."

"लागत नाही बेबीताई. मीसुद्धा लावत होते. सात-आठ महिने रोज लावत होते."

मग सांगितलं सगळं. वादळ, बोट, सात जण, दगड. मला गोड करून सांगता येत नाही, जसं होतं तसं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि हाताने झोळीची शिवण दाबून दाबून सरळ करत होत्या.

"तुमी पाह्यलं?" त्यांनी विचारलं. "डोळ्यानं पाह्यलं त्याले?"

"नाही. दोघांचीच प्रेतं किनाऱ्याला लागली. तुमचा भाऊ नाही सापडला."

"तुमचे मालक?"

"तेही नाही."

"मंग दगडावर कायले चढवलं त्याईले?"

सहा वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. समितीसाठी माझ्याकडे उत्तर तयार होतं, श्रद्धांजली वगैरे. या बाईला ते देता येईना. "कुठेतरी जाऊन भांडायला जागा पाहिजे होती मला," मी म्हटलं. "एवढ्या मोठ्या समुद्राशी कुठे तोंड करून भांडू? दगड बरा, समोर असतो."

त्या उठल्या. "मी नाव नाई देत," त्या म्हणाल्या. "नाव देलं म्हंजे तो गेला. आता तो येऊन राह्यला."

मी समजावलं. गुरुवारी मशीन लागणार, नाव नाही मिळालं तर 'अज्ञात' कोरतील, मग जन्मभर अज्ञात. त्या ओरडल्या, "कोरा! माह्या भावाले मारून मले दगड दाखवता!" मीही ओरडले. शिकलेली बाई मी, नको ते बोलले, म्हटलं, "सहा वर्षं येतोय म्हणजे काय पायी येतोय का?" शेजारी गोळा झाले. एकानं मला बाजूला घेऊन सांगितलं, शाळेत जा, दाखल्यावर नाव मिळते. मिळालं असतं. पण बहिणीच्या पाठीमागून तिच्या भावाचं नाव पळवून न्यायचं, हे मला जमणारं नव्हतं. आधीच त्याच्या वाट्याचं बरंच खाऊन बसले होते. मी माझी कपड्यांची पिशवी उचलली.

"कुठं जाऊन राह्यल्या?" बेबीबाई गरजल्या. "नाव नाई देत म्हनलं, जेवाले नाई म्हनलं का? बसा गपचूप. सकाळी गाडी आहे."

दिवस कलायला लागला तशी आम्ही अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसलो. शेंगा सोलताना न बोललं तरी चालतं, ही मोठी सोय आहे. मग त्यांनीच सुरुवात केली.

"दगड कोण धुते?"

"मी."

"एकटी?"

"एकटी. बाकीचे फोटो काढतात."

"समुद्राचं पानी तं जवळच असन."

"ते चालत नाही. खाऱ्या पाण्यानं अक्षरं झडतात. गोड पाणी लागतं. विहीर गावात आहे, दर शनिवारी दोन कळश्या वाहून नेते."

"गुडघे दुखत असन."

"दुखतात. नवऱ्याच्या नावानं बोटं मोडत नेते."

त्या फिसकन हसल्या. मग मी त्यांना त्याच्याबद्दल सांगितलं. मासे पकडायचा पण खात नव्हता, जाळ्यात कासव आलं की सगळ्यांशी भांडून सोडायचा, बर्फ फोडताना मोठ्यानं गायचा आणि सूर कुठल्या कुठे जायचा. माझ्या पडवीत कसा वाटा ठेवून जायचा तेही सांगितलं, आणि मी नाव विचारलं नाही तेही. ते सांगताना रडले मी, लपवत नाही. बेबीबाईंनी मला पदर दिला नाही, सोललेल्या दाण्यांचं टोपलं पुढे सरकवलं. "सोला," त्या म्हणाल्या. "भाजीले अजून लागन."

सोले-वांगे आणि ज्वारीची भाकरी. दोन भाकऱ्या खाते मी, तिथे चार खाल्ल्या.

स्टँड

सकाळी उठून बघते तर कडुनिंबाखाली सात-आठ मांजरं पोटं ताणून झोपलेली आणि पिशवीच्या चिंध्या. समुद्रपूरच्या मांजरांनी आयुष्यात पहिल्यांदा समुद्र खाल्ला होता. बेबीबाई घरात नव्हत्या. मशीनवर झाकण घातलेलं, दार नुसतं लोटलेलं. निरोपही घेऊ दिला नाही, म्हणजे राग गेला नाही, असं समजून मी स्टँडवर आले. पोहे मागितले नाहीत. रिकाम्या हातानं जाऊन अध्यक्षांचं तोंड बघायचं होतं, त्याच्याआधी तर्री कशाला.

गाडी लागली. मी चढून बसले. कंडक्टर घंटी मारणार इतक्यात बेबीबाई आल्या. एका हातात कापडी पिशवी, दुसऱ्या हातात पाच लिटरचा प्लास्टिकचा कॅन, गळ्यापर्यंत भरलेला. धापा टाकत वर चढल्या आणि कॅन माझ्या पायाशी आदळला.

"हे काय?"

"पानी. तुमीच तं म्हनलं, गोड लागते. बोरचं नाई, विहिरीचं आहे. वावरातून आनलं."

मी पाय आवरून कॅनला जागा केली. कंडक्टर आला. "कुठं जाऊन राह्यल्या बाई?"

"समुद्रावर," बेबीबाई म्हणाल्या.

"अवो, समुद्रपुरातच तं बसल्या आहा."

"तुले समजत नाई. तिकीट फाड, हिंगणघाट, दोन."

गाडी हलणार तोच माझा फोन वाजला. दगडवाला शंकर. "वहिनी, मशीन उद्याची आजच मोकळी झालीये. नाव सांगा, नाहीतर अज्ञात टाकतो." मी फोन बेबीबाईंच्या हातात दिला. आता त्यांनी द्यायचं किंवा नाही द्यायचं. त्यांनी फोन कानाला लावला, डोळे मिटले.

"चक्रधर," त्या हळूच म्हणाल्या.

पलीकडे शंकरला ऐकू जाईना. स्टँडवर रेंज जेमतेम.

"चक्रधर! नाई, चंद्रधर नाई! चक्र! चाकाचं चक्र!" त्यांचा मूळचा दणदणीत आवाज निघाला. "चक्रधर! च-क्र-ध-र! चक्रधर गोविंदा भोयर!" गाडीतली सगळी माणसं वळून बघत होती. कुणीतरी खिडकी उघडून दिली, रेंज येते म्हणून. त्या उठून उभ्या राहिल्या आणि खिडकीबाहेर तोंड काढून ओरडल्या, "चक्रधर! चक्रधर रे!" अख्ख्या स्टँडला ऐकू गेलं. सहा वर्षं त्या माणसाला कुणी इतक्या मोठ्यानं हाक मारली नव्हती. पोहेवाला कढईपाशी हात जोडून उभा राहिला. "जहाजचं नाव चक्रधर होय," तो पुटपुटला. कंडक्टरनं घंटीची दोरी धरली होती, ओढली नाही.

"लिहिलं," शंकर म्हणाला. मी फोन घेतला. त्यानं विचारलं, "मग ते राह्यला काढून टाकू ना?"

मी बेबीबाईंकडे बघितलं. त्यांनी ऐकलं होतं. पदरानं तोंड पुसलं.

"काढू नोका म्हना. घरी तं नाई राह्यला. तुमच्या इथं राह्यला नं."

गाडी सुटली. जरा वेळानं मला एकदम आठवलं आणि मी विचारलं, "बेबीताई, बेबी हे काही नाव नाही. तुमचं खरं नाव काय?" त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. म्हणाल्या, हे विचारणारी तू पहिलीच.

शनिवारी नवा दगड आम्ही दोघींनी धुतला, समुद्रपूरच्या पाण्यानं. त्यांनी माझ्या नवऱ्याचं नाव घासलं, मी त्यांच्या भावाचं. कॅनमध्ये तळाला थोडं उरलं ते त्यांनी भावासाठी ठेवलं, कुणाला हात लावू दिला नाही. मग जेटीच्या टोकाला जाऊन उभ्या राहिल्या. मी दुपारी जेवायला बोलावलं तरी उभ्या, चहाला हाक मारली तरी उभ्या. अध्यक्ष आले होते फोटोला. त्यांनी लांबून विचारलं, "ओ बाई, काय करताय तिथे?"

"समुद्र पाहून राह्यली," त्या म्हणाल्या.

अध्यक्ष हसायला लागले. मी ब्रश खाली ठेवला.

"त्यांचं नाव सुशीला गोविंदा भोयर," मी म्हटलं. "लिहून घ्या."